अर्ध्या इंचाचा हिशेब

‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण आम्हीं मराठी शाळेंत असतांनाच पाठ केली होती. परंतु पुढें चालून ठेंच खाण्याचा मान दर वेळीं आमच्याच वांट्याला कां यावा, या कोड्याचा उलगडा आम्हांला अद्याप झालेला नाहीं. निदान आमच्या ठेंचेचा उपयोग मागून येणाऱ्या कोणा कुटुंबवत्सल वाचकाला व्हावा, एवढ्याच उद्देशानें पुढील हकीकत येथें सादर करीत आहों. तींत शौर्याचा प्रसंग एकही नाहीं. लाजेचे मात्र दोन आहेत, आणि ते दोन्ही आमच्याच पदरचे आहेत.

आमचें कुटुंब पुण्यांतलें व एकत्र. मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व भावजय, आमची कन्या व चिरंजीव, आणि बंधूंचा एकुलता मुलगा, अशीं आठ माणसें एका चुलीवर जेवतात. हा पुतण्या हकीकतीच्या वेळीं दहा वर्षें पुरीं करून अकराव्यांत होता. तरीही घरांत सर्वांत धाकटा म्हणून त्याला ‘बाळ’ हेंच नांव पडलेलें, आणि तें त्याला मुळींच आवडत नसे. आपण उंच कधीं होणार, हा त्याच्या मनाचा एकच ध्यास. आमच्या माजघराच्या चौकटीपाशीं मातोश्री दर पाडव्याला प्रत्येक मुलाला उभें करतात, डोक्याशीं पेन्सिलीची रेघ ओढतात व बाजूला साल घालतात. २०२४ च्या पाडव्याला बाळाची रेघ चार फूट साडेसहा इंचांवर आली होती. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्याच वर्षीं मे महिन्याच्या सुटींत ‘थीम पार्क’ पाहण्याची टूम घरांत निघाली. पुण्याहून दोनएक तासांच्या वाटेवरचें हें उद्यान. त्याचें नांव आम्ही सांगत नाहीं, कारण झाल्या प्रकारांत दोष उद्यानाचा नसून आमचा होता. थीम पार्क म्हणजे एका अर्थीं आपली जत्राच. पण दोहोंत एक मोठा फरक आहे. जत्रेंत प्रत्येक पाळण्यापाशीं वेगळे पैसे मोजावे लागतात, म्हणून दोन पाळण्यांत बसून हौस फिटली कीं मनुष्य भजीं खाऊन घरची वाट धरतो. थीम पार्कांत सगळे पैसे दारांतच एकदम द्यावयाचे, आणि मग आंतले सारे खेळ दिवसभर फुकट! भोंवतीं कुंपण घालून दारावर प्रवेशाचें तिकीट लावण्याची तऱ्हा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ सालीं उघडलेल्या ‘सी लायन पार्क’पासून पडली, असें या विषयाचे जाणते सांगतात. पण एका तिकिटांत सर्व खेळ देण्याची पद्धत सर्वत्र लगेच आली नाहीं. प्रसिद्ध डिस्नेलँड १९५५ सालीं उघडलें, तरी तेथें १९८२ पर्यंत खेळागणिक वेगळें तिकीट फाडावें लागे.

या ‘फुकट’ शब्दांतच सारी मेख आहे. पैसे आधींच गेलेले असल्यामुळें जितकें अधिक ओरपूं तितका आपला फायदा, असें मन म्हणूं लागतें, आणि सहलीचा दिवस हा वसुलीचा दिवस होऊन बसतो.

बँकेंत पंचवीस वर्षें आंकड्यांच्या संगतींत घालविलेले आम्ही. आदल्या रात्रीं एका फुलस्केप कागदावर आम्हीं वेळापत्रक आंखलें. खेळ एकवीस, वेळ आठ तास. म्हणजे प्रत्येक खेळाला बावीस मिनिटें, व उरलेलीं अठरा जेवणाला. हें गणित आम्हीं बंधूंना मोठ्या अभिमानानें वाचून दाखविलें. त्यांत रांग नांवाची वस्तु कोठेंच नव्हती, हें त्या वेळीं आमच्या ध्यानींमनींही आलें नाहीं. शिवाय दिवस रविवारचा, ऊन वैशाखाचें, आणि निघतांना कुलुपें, गॅस व बाळाची टोपी यांच्या पायीं पाऊण तास गेलेला. उद्यानाचीं दारें उघडल्यानंतरचा पहिला तासच काय तो मोकळा असतो. तो आम्हीं रस्त्यावरच खर्च केला.

तिकिटाच्या खिडकीपाशीं एक रंगीत पट्टी उभी केलेली होती. चार फूट सहा इंचांपर्यंत लहानाचें तिकीट, त्यावर मोठ्याचें. आणि दोहोंत चारपांचशें रुपयांचा फरक. चौकटीवरची रेघ आम्हांला ठाऊक नव्हती असें नव्हे. पण ‘अर्धा इंच म्हणजे काय, नुसत्या केसांचाच तो!’ अशी मनाची समजूत घालून आम्ही बाळाच्या कानाशीं पुटपुटलों, “बाळ, जरा गुडघे सैल सोड बरें.” मुलगा आज्ञाधारक. त्यानें गुडघे वांकविले, मान खालीं घातली, आणि खिडकींतल्या माणसानें गर्दीच्या भरांत त्याच्याकडे धड न पाहतां लहानाचें तिकीट पुढें सारलें. आम्हीं बंधूंकडे पाहून डोळे मिचकावले. बंधु हंसले नाहींत, पण कांहीं बोललेही नाहींत. वडील भावापुढें न बोलण्याची आमच्या घरची रीत आहे, आणि ती कांहीं वेळां महागांत पडते.

आंत शिरतांना दुसरी अडचण निघाली. मातोश्रींनीं पहाटे उठून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचें लोणचें आणि नारळाच्या वड्या असे दोन मोठे डबे भरून घेतले होते. बाहेरचे खाद्यपदार्थ आंत नेण्यास मनाई असल्याची पाटी पहारेकऱ्यानें नम्रपणें दाखविली. तशीच पाटी तिकिटाच्या खिडकीवरही होती. पण तेथें आमचें लक्ष दुसऱ्याच आंकड्यांत गुंतलेलें. डबे मुकाट्यानें गाडींत परत गेले. त्यांच्याबरोबर घाईघाईनें एक लहानशी कापडी पिशवीही गेली. तींत काय आहे हें कोणीं पाहिलें नाहीं.

मातोश्री त्या वेळीं चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे त्यांचें ऐकत नाहींत. पहिल्या चौकांत झाडाखालचें एक बांक पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही जा रे सगळे. मी बसतें इथें. सामानही बघतें.” वडील माणसांचें असें बोलणें शब्दशः घ्यावयाचें नसतें, हें कळण्याइतकें आमचें वय झालेलें आहे. पण शब्दशः घेणें सोयीचें होतें. त्यांच्या दोहों बाजूंना सात जणांच्या पिशव्या, छत्र्या व टोप्या रचून, “तासाभरांत येतोंच,” असें सांगून आम्ही निघालों.

पहिल्याच खेळानें वेळापत्रकाचे बारा वाजविले. रांग अशी नागमोडी वळविलेली कीं आतां आलें, आतां आलें असें वाटावें, आणि भिंतीआडून आणखी एक वळण निघावें. खेळ तीन मिनिटांचा व रांग सत्तर मिनिटांची. मागाहून कळलें कीं दारांतून आलेला प्रत्येक मनुष्य प्रथम दिसेल त्या खेळापाशींच उभा राहतो. म्हणून शहाण्यानें आधीं उद्यानाचें दूरचें टोंक गांठावें व तेथून उलट यावें. चिरंजीवांनीं नवे बूट चढविले होते. अकरा वाजतां दोन्ही टांचांना फोड आले. कन्येनें दोन आइस्क्रीम खाऊन गरगर फिरणाऱ्या पेल्यांत बैठक मारली, व उतरल्यावर तिनें जें केलें त्याचें वर्णन करण्याची येथें आवश्यकता नाहीं. एक वाजेपर्यंत एकवीसांपैकीं चार खेळ उरकले होते. आम्ही मनांतल्या मनांत प्रत्येक खेळाची किंमत काढीत होतों व ती पाहून घाबरत होतों.

सौ. म्हणाली, “अहो, आईंच्या जेवणाचं काय?” प्रश्न रास्त होता. पण जेवणाच्या वेळीं मोठ्या खेळांच्या रांगा आंखडतात, हें शहाणपण नेमकें त्याच क्षणीं आम्हांला सुचलें होतें. “हा एवढा रोलर कोस्टर होऊं दे, मग सगळे मिळून जेवूं,” असें सांगून आम्हीं मोर्चा तिकडे वळविला.

त्या खेळाच्या दारापाशीं दुसरी पट्टी होती. किमान उंची चार फूट सात इंच! सकाळीं जो मुलगा अर्धा इंच जास्त ठरत होता, तोच आतां अर्धा इंच कमी पडत होता. बाळाचें तोंड एवढेंसें झालें. महिनाभर त्यानें याच एका गाडीचें स्वप्न पाहिलें होतें. आम्हांला त्याची दया आली, आणि खरें सांगावयाचें तर तिकिटाचीही आली. आम्हीं आमचा व बंधूंचा असे दोन हातरुमाल घेतले, त्यांच्या घड्या घातल्या, आणि आडोशाला नेऊन बाळाच्या बुटांत टांचांखालीं सारल्या. “आतां ताठ उभा राहा,” आम्हीं बजावलें. तेंही त्यानें ऐकलें.

पट्टीपाशीं विशीबाविशींतला एक तरुण उभा होता. त्यानें बाळाच्या डोक्याकडे पाहिलें, मग त्याच्या बुटांकडे पाहिलें, आणि खालीं बसून हळूच विचारलें, “बूट काढतोस का जरा?” जादूगाराच्या टोपींतून निघावे तसे दोन रुमाल बाहेर आले. रांगेंत हंसें पिकलें. चारचौघांत झालेली फजिती झांकण्याचा रागावण्याहून सोपा उपाय नसतो. आम्हीं आवाज चढवून म्हटलें, “आम्हीं याचे पूर्ण पैसे मोजले आहेत!”

“पण काका,” बाळ म्हणाला, “माझं तर आपण लहानाचं काढलं ना?”

आम्हांला उघडें पाडण्याचा त्याचा हेतु मुळींच नव्हता. त्याला खरोखरच तो हिशेब कळत नव्हता. रांगेंतलें हंसणें एकदम थांबलें, आणि तें थांबणें त्या हंसण्यापेक्षां कठीण होतें.

त्या तरुणानें मात्र आम्हांला एका शब्दानेंही दुखविलें नाहीं. त्यानें अदबीनें गाडीकडे बोट दाखवून कारण समजावून सांगितलें. पहिल्या चढावर सांखळी गाडीला ओढून नेते. माथ्यावरून ती सुटली कीं तिला इंजिन नाहीं, उंचीवरून मिळालेल्या वेगावरच ती पुढचीं सारीं वळणें घेते. उलट्या गिरकींतून व वळणांच्या हिसक्यांतून मनुष्य जागेवर सांभाळून राहतो तो खांद्यांवरून खालीं येणाऱ्या दांड्यामुळें, आणि तो दांडा ठराविक मापाच्या देहासाठीं घडविलेला असतो. देह लहान असेल तर मध्यें पोकळी राहते, आणि ती पोकळी जिवावर बेतूं शकते.

अशीं मापें उगाच ठरत नाहींत, हें आम्हीं घरीं आल्यावर वाचलें. वर उल्लेखिलेल्या सी लायन पार्कांतच ‘फ्लिप फ्लॅप’ नांवाची उलटी गिरकी घेणारी एक गाडी होती. तिचा फेरा अगदीं वर्तुळाकार असल्यामुळें त्यांत शिरतांच मानेला जबरदस्त हिसका बसे. ती फार वर्षें चालली नाहीं. पुढें १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत उलट्या गिरकीची आधुनिक गाडी सुरू झाली, तेव्हां तिचा फेरा पाण्याच्या थेंबासारखा, वरच्या बाजूस निमुळता केलेला होता. मानेचा हिसका टाळण्याची युक्ति पक्की होण्यास ऐंशी वर्षें लागलीं. आणि आम्ही तें काम दोन हातरुमालांवर भागवावयास निघालों होतों.

पण त्या वेळीं हा विचार करण्यास सवड मिळाली नाहीं. आमचा फोन छायाचित्रें काढून काढून केव्हांच निजला होता, बंधूंचा वाजला. अनोळखी बाईंचा आवाज होता. “तुमच्या आईंना बरं वाटत नाहीं. घाम फुटलाय. चौकांतल्या बांकापाशीं या लवकर.” मातोश्रींच्या बटव्यांतल्या छोट्या वहींत घरांतल्या सर्वांचे क्रमांक त्यांच्याच हस्ताक्षरांत लिहिलेले असतात. या संवयीची आम्हीं किती तरी वेळां थट्टा केलेली आहे.

त्या उन्हांत उद्यानाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आम्ही कसे धांवलों, तें सांगत नाहीं. मातोश्रींचा चेहरा पांढराफटक झाला होता व हात थरथरत होते. आम्हांला पाहून त्यांनीं विचारलें, “शाळा सुटली का रे?”

चाळीस वर्षांपूर्वींचा तो प्रश्न त्या अगदीं सहज विचारीत होत्या. आमच्या पायांतलें बळ गेलें.

त्यांच्या शेजारीं उद्यानांत झाडलोट करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनीं मातोश्रींचें डोकें आपल्या खांद्यावर टेकवून घेतलें होतें, व स्वतःच्या थर्मासमधला गोड चहा त्या घोट घोट पाजीत होत्या. पंधरावीस मिनिटांत मातोश्रींच्या डोळ्यांत ओळख परतली. मग प्रथमोपचाराच्या खोलींत डॉक्टरांनीं बोटाला टोंचून रक्तांतील साखर तपासली व कारण सांगितलें. मधुमेहावरच्या कांहीं गोळ्या अशा असतात कीं त्या घेतल्यावर जेवण लांबलें तर साखर फार खालीं उतरते. घाम फुटतो, थरथर सुटते, बुद्धि गोंधळते, आणि वेळींच गोड कांहीं न मिळाल्यास शुद्धही हरपते. मातोश्रींनीं गोळी सकाळीं घेतली होती. असा प्रसंग आल्यास तोंडांत टाकण्याची खडीसाखर त्या नेहमीं जवळ बाळगतात. ती गाडींत राहिलेल्या कापडी पिशवींत होती.

“पण आई, समोरच तर खाण्याचं दुकान होतं. कांहीं घ्यावयाचें नाहीं का?” आम्हीं विचारलें.

“सामान टाकून कशी जाऊं?” त्या म्हणाल्या. “आणि तूं तासाभरांत येतों म्हणाला होतास.”

आम्ही त्यांना बांकावर बसवून गेल्याला चार तास होऊन गेले होते.

घरीं परत येतांना गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. रात्रीं मातोश्री माजघरांत आडव्या झाल्या होत्या, व आम्ही पलीकडच्या खोलींत दिवा मालवून पडलों होतों. तेवढ्यांत चौकटीपाशीं पावलें वाजलीं. बाळ भिंतीला पाठ लावून उभा राहिला असावा. त्याचा आवाज आला, “आजी, मी खरा केवढा आहें ग?”

मातोश्री उठल्या, उठतांना गुडघ्यांचा कण्ह ऐकूं आला. थोडा वेळ गेला. “चार फूट साडेसहा,” त्या म्हणाल्या. “पाडव्याला होतास तेवढाच. सकाळीं कमी नव्हतास, नि दुपारीं जास्तही नव्हतास. जा, नीज आतां.”

त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. मुलाला खोटें बोलूं नये म्हणून आम्हीं आजवर किती उपदेश केला असेल, त्याची गणना नाहीं. पण त्या एका दिवसांत आम्हीं त्याला एकही खोटा शब्द बोलावयास सांगितलें नव्हतें. त्याचा देहच आम्हीं दोनदां खोटा बोलविला होता, एकदां वांकवून व एकदां चढवून. आणि ज्या आईनें आमची शाळा सुटण्याची वाट पाहिली, तिला पिशव्यांची राखण करावयास बसवून आम्ही पैसे वसूल करीत हिंडत होतों. हे दोन गुन्हे वेगवेगळे वाटतात, पण त्यांचें मूळ एकच. दारांत दिलेल्या पैशांचा हिशेब आम्हीं माणसांच्या आधीं मांडला होता.

पुढें या उद्यानांचा इतिहास वाचतांना एक गोष्ट मनाला लागली. डिस्नेलँडची कल्पना आपणांला कशी सुचली, हें वॉल्ट डिस्नेनें स्वतःच सांगून ठेवलें आहे. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कांत सुटीच्या दिवशीं त्याच्या दोन्ही मुली घोड्यांच्या चक्रावर बसत, आणि हा गृहस्थ बांकावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राही. आईबापांना व मुलांना एकत्र मौज करतां येईल असें एखादें ठिकाण कां नसावें, असें तेथें त्याच्या मनांत आलें. म्हणजे या साऱ्या प्रचंड व्यवसायाचा उगम बांकावर एकटें बसवून ठेवलेल्या एका माणसापासून झाला. आणि आम्हीं अशाच ठिकाणीं जाऊन आणखी एका माणसाला बांकावर एकटें बसविलें! त्याच इतिहासांत असेंही वाचलें कीं १७ जुलै १९५५ ला, डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशीं, बनावट तिकिटें घेऊन पुष्कळ लोक आंत शिरले. गर्दी आवरेना, पिण्याचें पाणी पुरेना, आणि ताज्या डांबरांत बायकांच्या बुटांच्या टांचा रुतल्या. खोट्या तिकिटानें आंत शिरणारांत आपण पहिले नाहीं, एवढें कळलें. समाधान मात्र झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं सर्व पानावर बसल्यावर आम्हीं बाळाला म्हटलें, “काल मी तुला दोनदां चुकीचें सांगितलें. चूक माझी होती.” वाक्य एवढेंच. परंतु एकत्र कुटुंबांतल्या वडील माणसाला तें मुलांसमोर उच्चारणें किती जड जातें, हें आमच्या बरोबरीच्या वाचकांना सांगावयास नको. बाळानें मान डोलविली व आमटी मागितली. बंधूंनीं मात्र आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, “दादा, मीही बोलावयास हवें होतें.”

२०२५ च्या पाडव्याला चौकटीवरची रेघ चार फूट साडेआठ इंचांवर गेली. त्याच वर्षीं दिवाळीनंतर, मुलांची सुटी असतांना, आम्ही पुन्हा त्याच उद्यानांत गेलों; पण मधला वार धरून व दारें उघडण्यापूर्वीं पोंचून. पायांत सर्वांच्या जुने, सरावाचे जोडे. मातोश्रींच्या गोळ्या व खडीसाखर त्यांच्याच बटव्यांत. औषधाच्या पुड्या व खडीसाखर आंत नेतां येईल ना, हें आधींच फोन करून विचारून घेतलेलें. मुलांच्या खिशांत आमचे क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या. चुकामूक झाल्यास भेटावयाची जागा आधीं ठरलेली, आणि जेवणाची वेळ साडेबारा, मग जगबुडी होवो. कागद याही खेपेला होता. पण त्यावर आठच ओळी होत्या. प्रत्येकानें आपला एक खेळ निवडावयाचा, व बाकीच्यांनीं त्यासाठीं थांबावयाचें. त्यापलीकडे जें मिळेल तें वरकड.

खिडकीपाशीं बाळ पट्टीपासून हातभर दूर उभा राहून मोठ्यानें म्हणाला, “एक मोठ्याचं द्या!” आम्हीं गेल्या वर्षींची उरलेली रक्कम देऊं केली. खिडकींतला माणूस बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला व शेवटीं म्हणाला, “साहेब, असं जमा करून घ्यायची इथें सोय नाहीं.” सबब तें खातें अद्याप उघडेंच आहे.

मातोश्रींनीं दिवाळीचा फराळ एका डब्यांत बरोबर घेतला होता, आणि तो आंत नेतां येत नाहीं हें त्यांना या वेळीं पक्कें ठाऊक होतें. दारावरच्या माणसाला विनवून त्यांनीं त्या चहावाल्या बाईंना बाहेर बोलावून घेतलें. गेल्या खेपेस आम्हीं त्या बाईंचें नांवही विचारलें नव्हतें. मातोश्रींना मात्र त्यांचें गांव, त्यांच्या मुलीची दहावी आणि सासूचें मोतीबिंदूचें दुखणें, सारें पाठ होतें. दोघी दाराबाहेर दहा मिनिटें बोलत उभ्या होत्या, आणि आमची मंडळी तेवढा वेळ थांबली. वेळापत्रक बिघडलें नाहीं, कारण तें नव्हतेंच.

बाळाची पाळी आली तेव्हां त्यानें पट्टीपाशीं अनवाणी उभें राहण्याचा आग्रह धरला. गाडींतून उतरल्यावर त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. “आणखी एकदां?” बंधूंनीं विचारलें. “एकदां पुरे,” तो म्हणाला, आणि दुपारपर्यंत बापाचा हात त्यानें सोडला नाहीं.

मातोश्रींनीं मात्र आपला खेळ सांगावयास बरेच आढेवेढे घेतले होते. “मला काय करायचंय ह्या वयांत?” असें दोन दिवस चाललें. शेवटीं सुनांनीं फारच आग्रह केला, तेव्हां त्या म्हणाल्या, “तो घोड्यांचा पाळणा. त्या दिवशीं चार तास माझ्या समोर फिरत होता.”

ज्यांना घोड्यावर चढणें जमत नाहीं त्यांच्यासाठीं त्या चक्रांत दोन घोड्यांच्या मध्यें एक रंगीत रथ असतो. नातवंडांनीं हात देऊन त्यांना रथांत बसविलें व आपण भोंवतालच्या घोड्यांवर बसलीं. सौ. व भावजयही चढल्या, बंधु चढले. चक्र हळूहळू फिरूं लागलें. आम्ही समोरच्या बांकावर, झाडाखालीं, आठ जणांचें सामान मांडीवर व दोहों बाजूंना घेऊन बसलों होतों. मातोश्री पहिल्या फेरीला रथाची कड घट्ट धरून होत्या. दुसऱ्या फेरीला त्यांनीं एक हात सोडला. तिसऱ्या फेरीला आमच्या समोरून जातांना त्या ओरडून म्हणाल्या, “सामान टाकून कुठें जाऊं नकोस रे!”

आम्ही गेलों नाहीं.